तळघरातला बँकवाला पिच्चर

माणसाले चार घंटे एका जागी बांधून ठेवलं ना भाऊ, तं किस्से आपोआप पैदा होतात. त्याले काही डोकं लागत नाही. आमचे तं इतके जमा झाले का मी एक सांगाले बसलो तं दुसरा मधात घुसते, 'पहिले मले सांग' म्हणते. सांगता सांगता हसाले येते. मग घरी जाऊन पंख्याकडं पाहत पडलो का वाटते, यात हसाचं काय होतं बे?

तं मी गोलू. सतरा वर्षाचा, मनीषनगरचा. नाव लहानपणापासूनच गोलू हाय, तोंड सुजाले लागलं तवा एकदम फिट बसलं. नववीत असताना दोन्ही किडन्यांनी राजीनामा देल्ला, मग शाळेनं बी जास्त आग्रह केला नाही. तवापासून आठवड्यातून तीनदा, सोम-बुध-शुक्र, सकाळी सातले दवाखान्याच्या तळघरात डायलिसिस. डाव्या हातात दोन जाड्या सुया. एकीतून रक्त मशीनमध्ये जाते, दुसरीतून धुऊन वापस येते. चार घंटे. हलाचं नाही.

तळघरात चार बेड. एक नंबरवर रामटेके काका, उमरेडचे, एसटीतले रिटायर कंडक्टर. दोन नंबरवर चौधरी काका, कळमेश्वरकडं त्यांची संत्र्याची वाडी. तीन नंबरवर मेघा ताई, एका बँकेत कॅशवर बसते. चार नंबर मी. अन् आम्हा चौघांवर राज्य करणारा टेक्निशियन राऊत सर. वय सव्वीस, 'सर' म्हटलं का अजून लाजते.

दाराच्या काचेबाहेर बाकड्यावर माही मम्मी. पप्पा नाहीत, तीन वर्ष झाले. मम्मी दुपारच्या स्कूल बसमध्ये लेकरं चढवाचं-उतरवाचं काम करते. लेकरू नीट उतरलं का बसच्या पत्र्यावर दोनदा हात मारते, मग ड्रायव्हर गाडी काढते. रामटेके काका तिले म्हणतात, "बाई, तुम्ही आमच्याच खात्याच्या!"

मम्मीचा रक्तगट माह्याशी जुळला. ती मले आपली एक किडनी देणार होती. तपासण्या सुरू झाल्या होत्या. अख्ख्या मनीषनगरले तिनं सांगून ठेवलं होतं, "पुढच्या उन्हाळ्याआधी माहा गोलू मोकळा! तांब्या तोंडाले लावून पाणी पिईन!"

मले ते नको होतं. पण मले विचारून कोण राहिलं होतं?

* * *

तळघरात नेटवर्क येत नाही. मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. भिंतीवर टीव्ही हाय, त्यात फक्त पेनड्राइव्ह चालते. अन् राऊत सरच्या पेनड्राइव्हवर दोनच गोष्टी. एक त्याच्या मावसभावाचं लग्न, दुसरा एक पिच्चर.

लग्न आम्ही दोनदा पाह्यलं. तिसऱ्यांदा लावलं तं चौधरी काका म्हणे, "सर, नवरीची माय रडली नसन इतका मी रडून राहिलो. बंद करा!"

मग लागला पिच्चर. स्टोरी सोपी. गावातली छोटी बँक. चार डाकू घुसतात, आतल्या लोकांले ओलीस धरतात. बाहेर एक पोलीस ऑफिसर. तो शेंगदाणे खात खात फोनवर डाकूच्या म्होरक्याशी बोलते अन् एकेक माणूस सोडवते. बस. आम्ही त्या पिच्चरले 'बँक' म्हणतो. चौघांच्या सुया लागल्या का आवाज येते, "सर, बँक उघडा!"

तुम्ही म्हणसान, तोच तो पिच्चर रोज काहून पाहाचा? राऊत सरनं बी विचारलं होतं. "दुसरा आणू का? नवीन?"

रामटेके काका म्हणे, "नको गा. नवीन पिच्चरमध्ये पुढं काय होते ते मालूम नसते. तेवढं टेन्शन आम्ही घरूनच घेऊन येतो!"

* * *

बँकेचा एक नियम हाय. नवीन पेशंट आला का पहिल्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत त्यानं पिच्चरमधला एक ओलीस निवडाचा. पुढं काय होते ते त्याले कोणी सांगाचं नाही. निवडला तो तुहा माणूस. मग बदलाचा नाही. तो सुटला म्हणजे तू सुटला. तवा रामटेके काका बोटातली अंगठी बेडच्या लोखंडी दांड्यावर मारतात, टिंग टिंग! कंडक्टरची डबल बेल. म्हणजे, जाऊ द्या गाडी.

चौधरी काकानं एक जाडा दमेकरी माणूस धरला. "हा खात्यापित्या घरचा हाय. टिकीन." तो सगळ्यात पहिले सुटते! त्याले दम लागते, डाकू घाबरतात, देतात बाहेर ढकलून. चौधरी काका रोज अर्ध्या घंट्यात मोकळे. मग उरलेला टाइम आम्हाले चिडवणार, "मी घरी पोचलो, आंघोळ बी झाली. तुम्ही बसा बाप्पा!"

रामटेके काकाचा माणूस पेन्शनवाला म्हातारा. तो इंटरवलनंतर सुटते.

मी धरला शाळेतला पोरगा. पाठीवर दप्तर, पासबुक भराले आलेला. मले वाटलं, बारीक पोट्टं हाय, कुठूनबी सटकन.

सटकत नाही. शेवटपर्यंत राहते. मग त्याची माय येते. पोलिसांचं कडं तोडून, हात वर करून. म्हणते, पोराले सोडा, मी जाते आत. डाकू मानतात. पोरगा बाहेर येते, माय आत जाते. मग कमांडो घुसतात, गोळ्या, धूर. धूर हटते तवा सगळे उठतात. माय उठत नाही.

पहिल्या दिवशी मी राऊत सरले म्हटलं, "सर, माहा माणूस बदलून द्या."

"नियम म्हणजे नियम."

"मले हा नको!"

"अबे पण तुहा सुटला ना?" चौधरी काका म्हणे. "मग रडून काहून राहिला?"

टिंग टिंग!

* * *

डायलिसिसच्या आधी वजन करतात. मागच्या टाइमपासून जेवढं वाढलं तेवढं पाणी तुम्ही घरी प्यालं, असा सरळ हिशोब. दिवसाले अर्धा लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच वरण. जास्त प्याला का काट्यावर पकडल्या जातो. आम्ही सगळे काट्यावर चोरासारखेच चढतो.

एकदा रामटेके काका चढले अन् मी मागून हळूच पाय ठेवला काट्यावर.

"काका!" राऊत सर ओरडला. "साडेचार किलो? विहीर पिऊन आले का?"

काकानं कानाले हात लावला. "शप्पथ गा सर! नातवाची शप्पथ! ओठ बी ओले केले नाही!"

मी मागं उभा, तोंडात रुमाल कोंबून हसून राहिलो. काका अजून जोरात शपथा घेऊन राहिले. बायकोची घेतली, पेन्शनची घेतली. माहे डोळे वाहाले लागले हसून.

मशीन लावाची वेळ आली तसे काका शांतपणे म्हणे, "सर, त्यातून दोन किलो काढून टाका. ते या गोल्याच्या पायाचे हाय."

मी गार! "काका, तुम्हाले मालूम होतं?"

"अठ्ठावीस वर्ष गर्दीतून विनातिकीट माणसं शोधली बेटा. मागं कोणाचा पाय हाय ते पाहाले मले मान वळवा लागत नाही."

"मग इतक्या शपथा काहून घेतल्या?"

काका बेडवर आडवे झाले, हात पुढं केला सुईसाठी. "तू पंधरा दिवसांत हसला नव्हता."

* * *

मेघा ताईले पिच्चरमधली बँक पटतच नाही. "तिजोरीच्या दोन्ही चाव्या एकाच माणसाजवळ? आमच्याकडं असं करा, दुसऱ्या दिवशी मेमो!" तिचा माणूस म्हणजे पिच्चरमधली कॅशियर बाई. त्या बाईच्या काउंटरखाली धोक्याची बेल हाय. बाईचा हात बेलीपर्यंत जाते, जाते... अन् थांबते. इंटरवलच्या आधी तिलेच गोळी लागते.

दर वेळी ताई ओरडते, "दाब वं! दाब ना बाई! पोचून राहिला ना हात!"

एकदा मी म्हटलं, "ताई, तिले तुमचा आवाज जाऊन राहिला का?"

"तू चूप बस."

सीन आला. बाईचा हात खाली गेला. थांबला. अन् इकडं मेघा ताईनं दाबली बेल! खरी! बेडवरची, इमर्जन्सीवाली! वरून डॉक्टर मॅडम, दोन सिस्टर अन् एक वॉर्डबॉय ऑक्सिजनचं सिलेंडर गडगडवत खाली! "काय झालं? कुणाला झालं?"

ताई घामाघूम. टीव्हीकडं बोट दाखवून म्हणे, "तिनं नाही दाबली ना, म्हणून..."

मॅडम गेल्यावर आम्ही इतके हसलो का नळ्या हलून तीन मशीनी एकाच टाइमले बोंबलाले लागल्या. ताई नाही हसली. माह्याकडं पाहून म्हणे, "तुले खोटं वाटन गोलू. घरून निघताना मले रोज वाटते, आज दाबीन. इतक्या वेळा पाह्यलं, तरी वाटते. आज दाबीन ती."



* * *

मे महिना. नागपूरचा मे. बाहेर डांबर चप्पलले चिकटून राहिलं, अन् आम्हाले दिवसाले अर्धा लिटर! मी बर्फाचा एक खडा तोंडात ठेवून दुपार काढाचो. झोपेत बी नळ दिसे.

पिच्चरमध्ये एक सीन हाय. ऑफिसर आत पाण्याच्या बाटल्यांचं खोकं पाठवते. ओलीस लोक तुटून पडतात. दमेकरी तवा सुटलेला असते, पण बाकीचे सगळे. झाकण फेकून गट गट गट. हनुवटीवरून पाणी खाली गळते. त्या पोराच्या शर्टवर सांडते. सांडते हो! कोणी पुसत बी नाही!

तो सीन आला का तळघरात सुई पडली तं आवाज यावा. संपला का चौधरी काका हळूच म्हणे, "सर... थोडं मागं." राऊत सर मागं घे. गट गट गट. "अजून एकदा." डाकू गेले खड्ड्यात, ऑफिसर गेला खड्ड्यात. एका सकाळी आम्ही नुसता तोच सीन पाह्यला.

एका पेशंटच्या नातेवाईकानं काचेतून डोकावलं. त्याले दिसलं काय, तं चार जण तोंडं उघडी टाकून, पापणी न हलवता टीव्हीकडं पाहून राहिले, अन् टेक्निशियन रिमोटनं तेच तेच मागं घेऊन राहिला. तो सरळ वर गेला अन् कम्प्लेंट केली, खाली घाणेरडे पिच्चर लावतात म्हणून!

मॅडम तणतणत खाली. "राऊत! काय चाललंय हे? लावा परत. माझ्यासमोर लावा!"

राऊत सरनं लावलं. गट गट गट. पोराच्या शर्टवर पाणी सांडलं.

 मॅडमच्या हातात तिची स्वतःची पाण्याची बाटली होती, गारेगार, बाहेरून थेंब आलेली. ती तिनं हळूच पाठीमागं लपवली.

* * *

संत्र्यात पोटॅशियम राहते. चांगल्या माणसाले काही होत नाही, पण किडनी बंद असली का ते रक्तात साचते अन् दिल बंद पाडते. म्हणून आम्हाले संत्रा म्हणजे बॉम्ब. अन् चौधरी काकाची अख्खी वाडी बॉम्बची!

थंडीत माल निघाला का काका पोतं भरून आणत. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, लिफ्टवाला, सगळ्यांले वाटत. आम्हा चौघांले फक्त वास. एक संत्रा स्वतः उजव्या हाताच्या अंगठ्यानं सोलत अन् फोडी राऊत सरच्या हातात देत.

"कसा हाय?"

"गोड हाय काका."

"ती जाडी फोड खा. हळू खा. बिया पहिले काढून नको टाकू, तोंडात ठेव." अन् सर खाऊन होईपर्यंत त्याच्या तोंडाकडं पाहत राहत.

मी चिडवाचो, "काका, घरी लपून चार तं हाणत असान!"

"नाही रे बेटा. झाडं माह्या हातची, पण खाण्यात बाकी सगळं गाव."

एका सोमवारी दोन नंबरचा, चौधरी काकाचा, बेड रिकामा. नऊ वाजता काकू आली, दारातच उभी राहिली. म्हणे, "रविवारी सकाळी यांनी वाडीत खाट टाकाले लावली. मले म्हणे, तू घरी जाऊन चहा ठेव. मी चहा घेऊन गेली तं..."

"सालपटं," काकू म्हणे. "खाटेखाली ढीग होता नुसता."

राऊत सर तोंड फिरवून मशीनचे बटण पुसाले लागला. मग त्याले काही सुचलं नाही म्हणून त्यानं बँक लावली. अर्ध्या घंट्यानं जाडा दमेकरी माणूस सुटला, हात हलवत बाहेर आला.

रामटेके काकानं बेल मारली. टिंग. एकच.

मी नंतर विचारलं तं म्हणे, "एक बेल म्हणजे गाडी थांबवा."

* * *

शेवटच्या सीनचा, म्हणजे त्या मायच्या सीनचा, मी पहिलेपासून बंदोबस्त करून ठेवला होता. डायलिसिसची नळी थोडी दाबली का मशीन बोंबलते. ती बाई हात वर करून निघाली का मी उजव्या हातानं नळी दाबाचो. टूं टूं टूं! राऊत सर पिच्चर थांबवून माह्याकडं धावे. मशीन ठीक होईस्तोवर माहे डोळे बंद. मग म्हणाचं, "सर, पुढं गेलं तं जाऊ द्या, मागं नका घेऊ."

"गोल्या," एक दिवस राऊत सर म्हणे, "तुही नळी बरोबर याच सीनले काहून दबते गा?"

"मशीनले मन हाय सर!"

पण बाहेर बाकड्यावर मम्मी बसते, ते मी विसरलो होतो. मशीन बोंबलली का ती घाबरून उठे, काचेले नाक लावून पाहे. मी ठीक दिसलो का टीव्हीकडं पाहे. म्हणजे बाकी पिच्चर नाही, पण तेवढा एक सीन तिनं कितीक वेळा पाह्यला! माह्याच मेहरबानीनं!

एकदा ऑटोत घरी येताना ती मधातच म्हणे, "त्या बाईनं बरोबर केलं."

"कोणत्या बाईनं?"

"तुमच्या बँकेतल्या."

"मम्मी, ती मरते!"

"पोरगा तं बाहेर आला ना," ती म्हणे, अन् ऑटोवाल्याले म्हणे, "भाऊ, इथंच डावीकडं घ्या."

* * *

आता अंड्याचा किस्सा. हा मी कोणाले सांगत नाही, पण बसलेच हाव तं सांगतो.

मॅडमनं मम्मीले चोवीस घंट्याची लघवी जमा कराले सांगतलं. मोठी कॅन देल्ली. राऊत सरनं समजावलं का त्यात प्रोटीन निघालं तं समजाचं किडनी कमजोर हाय, मग ती किडनी घेत नाहीत.

प्रोटीन! माह्या डोक्यात लाइट लागला. डायलिसिसवाल्याले प्रोटीनसाठी रोज अंड्याचा पांढरा भाग खा लागते. आमच्या फ्रिजमध्ये दुसरं काही असो नसो, अंडे राहतातच. मम्मी बसवर गेली अन् मी चार अंडे फोडले. पिवळं बाजूले, पांढरं कॅनमध्ये. झाकण लावून हलवलं. वा रे गोलू! नववी नापास, सायंटिस्ट पास!

दोन दिवसांनी मॅडमनं आम्हा दोघांले वर बोलावलं. "बाई, या रिपोर्टप्रमाणे तुम्ही पायापासून डोळ्यापर्यंत सुजलेल्या असायला हव्या. चालत कशा आल्या?"

राऊत सर मागंच उभा होता. म्हणे, "मॅडम, लॅबवाला विचारून राहिला, ही लघवी हाय का आमलेटचं मटेरियल?"

मले हसू फुटलं. एवढंसं. नाकातून.

मम्मीनं माह्याकडं पाह्यलं. फ्रिजमध्ये अंडे किती ते तिले मालूम राहते. "काहून केलं बे?"

"मले तुही किडनी नको."

तिनं मॅडमसमोर कानफटात मारली. पण मारताना माहा डावा हात आपल्या हातात धरून बाजूले ठेवला, सुयांवाला हात, त्याले धक्का नको लागाले म्हणून.

मॅडम म्हणे, "आता सगळं परत. इथंच, माझ्यासमोर. लघवी, रक्त, सगळं."

अन् मम्मीचा चेहरा उतरला. "मॅडम... रक्ताची तं झाली ना एकदा."

लघवी चांगली निघाली. रक्त नाही. मम्मीले शुगर होती, दोन वर्षांपासून. गोळ्या ती पोह्याच्या डब्यात लपवून ठेवे. पहिल्या तपासणीच्या आधी आठ दिवस उपास करून, डबल गोळ्या खाऊन तिनं काम जमवलं होतं. पण आता मॅडमनं तीन महिन्यांची शुगर दाखवणारी टेस्ट केली. तिले उपास करून फसवता येत नाही.

मॅडमनं चष्मा काढून टेबलवर ठेवला. "कमाल आहे तुमची! मुलगा चांगला रिपोर्ट बिघडवतो, आई बिघडलेला सुधारते. मी डॉक्टर आहे की पंच?"

"मॅडम, मी गोड सोडते," मम्मी म्हणे. "भात बी सोडते. घ्या ना. एकच तं घ्याची हाय."

"नाही घेऊ शकत, बाई. उद्या तुम्हालाच खाली पाचवा बेड लागेल. गोलूचं नाव आता मृत दात्याच्या किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत टाकू."

"यादी किती मोठी हाय?"

 मॅडम चष्मा पुसत राहिली.

म्हणजे मले पाहिजे होतं तेच झालं! जिंदगीत पहिल्यांदा माही मस्ती शंभर टक्के सक्सेस! मी राऊत सरले जिन्यात पकडून विचारलं, "सर, मी अंडे टाकले नसते तं? तं निघालं नसतं ना हे?"

"कधी ना कधी निघालंच असतं गा."

"नक्की?"

राऊत सरनं नुसता माह्या डोक्यावर हात ठेवला. 

त्या दिवसापासून मी अंडे खात नाही. तोंडात जातच नाहीत.

* * *

त्यानंतरचा शुक्रवार. खाली सगळ्यांले मालूम झालं होतं. राऊत सरनं सुया लावल्या. "बँक उघडा" असं कोणी म्हटलं नाही, त्यानं आपल्या मनानंच लावली. दोन नंबरचा बेड अजून खालीच.

दमेकरी माणूस सुटला. एक बेल. कॅशियर बाईनं हात खाली नेला, दाबली नाही. मेघा ताई ओरडली नाही. पाण्याच्या बाटल्या आल्या, सांडल्या, संपल्या. कोणी 'मागं घ्या' म्हटलं नाही. पेन्शनवाला म्हातारा सुटला, रामटेके काकानं स्वतःसाठी डबल बेल मारली, एकदम हळू.

मग तो सीन. बाई पोलिसांचं कडं तोडून आली, हात वर. माहा हात नळीवर गेला, पण मी दाबली नाही. काहून ते मालूम नाही. राऊत सरनंच रिमोट उचलला, पुढं पळवाले.

दार उघडलं. मम्मी. बाहेरच्या माणसाले आत याची परवानगी नाही, म्हणून चपला बाहेर काढून उंबरठ्यावरच उभी राहिली, एका हातानं दार धरून.

"राहू द्या सर," ती म्हणे. "पाहू द्या."

राऊत सरनं रिमोट खाली ठेवला.

टीव्हीत ती बाई बँकेच्या पायऱ्या चढून राहिली होती. एक. दोन. तीन. डाकूनं दार उघडलं, तिचा दंड पकडला अन् आत ओढली.

मम्मी म्हणे, "तिले तरी आत घेतलं."

पोरगा धावत बाहेर आला. दप्तर पाठीवर, शर्ट अजून ओला. माहा माणूस सुटला. मेघा ताईनं रामटेके काकाकडं पाह्यलं, राऊत सरनं पाह्यलं, मी बी पाह्यलं. काकाची अंगठी दांड्यापर्यंत गेली अन् तिथंच थांबली. काका एकदा माह्याकडं पाहे, एकदा मम्मीकडं. अठ्ठावीस वर्ष बेल मारली त्या माणसानं, पण हात काही खाली येईना.

मम्मीनं थोडी वाट पाह्यली. मग स्कूल बसच्या पत्र्यावर मारते तसा, दाराच्या काचेवर तळहात मारला.

दोनदा.